ट्रक पाणी खातो, पण गळती कुठेच दिसत नाही. इंजिन खोलण्याआधी काय काय तपासावं?

केळीवाला_सावदा :
रामराम मंडळी. गाडीने डोकं उठवलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

दहा चाकी, सहा सिलिंडर टर्बो, बीएस-३ इंजिन. सावदा-रावेरकडून केळी भरायची आणि इच्छापूर-इंदूर रस्त्याने वर दिल्लीकडे न्यायची. रिकामी असताना काही त्रास नाही. भरून भेरूघाटाला लागली की तापमानाचा काटा वर चढतो, एक्स्पान्शन टाकीत पाणी फसफसतं आणि झाकणातून बाहेर येतं. थांबून पाहिलं तर पाणी कमी झालेलं. दर मुक्कामाला ओतावं लागतं. गाडीखाली मात्र थेंब पडलेला दिसत नाही. ऑइल काळंच आहे, दुधाळ झालेलं नाही. धूरही पांढरा नाही.

गॅरेजवाल्याने हेड गॅस्केट बदलली, हेडचं फेसिंग केलं (तळ घासून सपाट), रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून साफसफाई) करून दिलं. त्यानंतरची फेरी बरी गेली, मग पुन्हा तेच रडगाणं. आता तो म्हणतो ब्लॉकला क्रॅक आहे, पूर्ण इंजिन खोला. भर हंगामात गाडी उभी करायची आणि वर लाखाच्या घरात खर्च. ड्रायव्हर असंही म्हणतो की हवेच्या टाकीचा कॉक उघडला की पाणी बरंच निघतं, पण ते तर सगळ्याच गाड्यांचं निघतं. बाकी गाडी ओढते झकास.

कारण सापडल्याशिवाय आता एकही बोल्ट खोलू द्यायचा नाही असं ठरवलंय. जाणकारांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

भुसावळकर_७७ :
थंड इंजिन चालू करा. पाणी गरम व्हायच्या आत वरचा हौज पाइप हाताने दाबून पाहा. दगडासारखा कडक झाला तर सिलिंडरचा गॅस पाण्यात घुसतोय. गॅस्केट नाहीतर हेड क्रॅक, तिसरं काही नसतं. फेसिंग केलं म्हणता, पण हेडचं प्रेशर टेस्टिंग केलं होतं का? बारीक क्रॅक फेसिंग करताना डोळ्याला दिसत नाही.

पारोळ्याचा_नाना :
भाऊ, मन्ही गाडी बी आशीच तपे. झाकन बदलं आन काम हुई गयं. पहिले झाकन बदला, मंग इंजिन खोला.

अंमळनेर_वाहतूकदार :
नानांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. साधारण १ बारचा दाब धरणारं झाकण धड असेल तर साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास उकळतं. तेच झाकण ढिलं असेल तर १०० लाच उकळी फुटते. म्हणजे इंजिन नेहमीइतकंच गरम असतं, पण घाटात पाणी उडतं आणि आपण इंजिनाला दोष देत बसतो. झाकणाच्या आत दुसरा एक छोटा व्हॉल्व असतो, तो थंड होताना हवा किंवा पाणी आत घेतो. तो अडकला तर रात्री हौज पाइप चपटा झालेला दिसतो. आमच्या गाड्यांची झाकणं आम्ही रबर कडक झालं की बदलून टाकतो, वाट पाहत नाही.

आणि दादा, एक वही करा. किती किलोमीटरला किती पाणी ओतलं, गाडी भरलेली होती की रिकामी, ओतलं तेव्हा इंजिन थंड होतं की गरम. ड्रायव्हरच्या "बरंच लागतं" वरून कुठलाच मिस्त्री निदान करू शकत नाही.

केळीवाला_सावदा :
ताई, झाकण गॅस्केटच्या वेळीच नवीन टाकलंय. वही आजपासून सुरू करतो. भुसावळकर, हौज कडक होतो, आणि लगेच होतो. हेडचं टेस्टिंग केलं नव्हतं.

भुसावळकर_७७ :
मग झालं तर. हेड क्रॅक.

शिरपूर_एक्सप्रेस :
थर्मोस्टॅट काढून फेका राव. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश ऊन असतं, इथे कशाला हवाय थर्मोस्टॅट? बिजासन घाटाला माझ्या दोन्ही गाड्या विनाथर्मोस्टॅट चढतात.

एसटी_वर्कशॉपवाले_काका :
शिरपूरकर, हा सल्ला मी वर्कशॉपमध्ये नोकरीभर ऐकला आणि नोकरीभर विरोध केला. थर्मोस्टॅट दोन कामं करतो. थंड असताना रेडिएटरकडची वाट बंद ठेवतो, आणि उघडला की बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो. मग गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता पंपातून पुन्हा इंजिनातच फिरतो. घाटात जिथे पूर्ण पाणी रेडिएटरमध्ये जायला हवं, नेमकं तिथे ते जात नाही. सपाटीला उलटंच होतं, इंजिन गार चालतं, डिझेल जास्त खातं, लाइनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) झिजतात आणि ऑइलमध्ये चिखल होतो. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून पातेल्यातल्या पाण्यात दोरीने लटकवा, शेजारी थर्मामीटर सोडा, गॅस पेटवा. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ उघडायला लागला आणि पुढे पूर्ण उघडला तर तो चांगला आहे. नसेल तर नवीन टाका, पण जागा रिकामी ठेवू नका.

आता मूळ प्रश्न. केळीवाल्या भाऊंनी एक गोष्ट जाता जाता लिहिली आणि सगळे तिच्यावरून पुढे गेले. हवेच्या टाकीत पाणी. सध्या महिना कोणता चाललाय? खानदेशात या दिवसांत हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात. पावसाळ्यात टाकीतून पाणी निघालं तर मी लक्ष देणार नाही. मे महिन्यात "बरंच" पाणी निघत असेल तर ते हवेतलं नाही. ते कुठून तरी येतंय.

कॉक उघडून ते पाणी पांढऱ्या बाटलीत धरा. रंग पाहा, बोटावर चोळून पाहा. कूलंट असेल तर रंग दिसेल आणि बोटाला चिकट-बुळबुळीत लागेल. मग पुढचं सांगतो.

भुसावळकर_७७ :
काका, हवेच्या टाकीचा आणि पाणी उकळण्याचा काय संबंध? हौज थंड इंजिनाला कडक होतोय, गॅस घुसतोय हे उघड आहे.

एसटी_वर्कशॉपवाले_काका :
काहीतरी घुसतंय हे उघड आहे. तो सिलिंडरचा गॅसच आहे हे उघड नाही.

ब्रेकचा कॉम्प्रेसर आठवा. बहुतेक जड गाड्यांत त्याचं हेड इंजिनाच्याच पाण्याने थंड होतं. पाण्याचे दोन छोटे पाइप त्याच्या हेडला जातात. त्या हेडच्या गॅस्केटला वाट मिळाली किंवा हेडला बारीक तडा गेला, की हवेची टाकी भरताना कॉम्प्रेसरची हवा पाण्यात घुसते. दाब ८ बारच्या आसपास जातो, आणि झाकण १ बारला सुटतं. मग पाणी फसफसणार नाही तर काय? हवेचे बुडबुडे पंपात आणि हेडच्या वाटांत अडकतात, पाणी धड फिरत नाही, काटा चढतो. आणि गाडी बंद केल्यावर गरम पाण्याला दाब असतो, कॉम्प्रेसरच्या सिलिंडरला नसतो. तेव्हा तेच पाणी उलटं कॉम्प्रेसरमध्ये झिरपतं आणि दुसऱ्या दिवशी हवेच्या टाकीत जातं. म्हणून खाली थेंब दिसत नाही, ऑइल दुधाळ नाही, धूर पांढरा नाही.

घाटातच का होतं? चढाला इंजिन जास्त फिरतं, ट्रॅफिकमध्ये ब्रेक सारखा लागतो, हवा खर्च होते, कॉम्प्रेसर सारखा भरत राहतो. भरलेल्या गाडीची उष्णता वेगळीच. रिकामी गाडी सपाटीला चालते तेव्हा कॉम्प्रेसर बहुतेक वेळ अनलोड असतो, म्हणजे हवा न भरता नुसता फिरतो.

आता बिनपैशाची परीक्षा. इंजिन थंड असताना झाकण काढा, पाणी तोंडापर्यंत भरा, चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी न्यूट्रलला ठेवून चालू करा. हवेची टाकी भरत असताना बुडबुड्यांकडे पाहत राहा. दाब पुरा झाला की "फुस्स" आवाज होऊन कॉम्प्रेसर अनलोड होतो. त्या क्षणी बुडबुडे थांबले किंवा एकदम कमी झाले का, एवढंच पाहायचं. मग एकाला ब्रेक दाबत बसायला सांगा, दाब खाली आला की कॉम्प्रेसर पुन्हा भरायला लागेल. बुडबुडे पुन्हा सुरू झाले तर चोर सापडला. हेडचा गॅस असेल तर त्याला कॉम्प्रेसरचं काही देणंघेणं नाही, तो इंजिनाच्या फिरण्याबरोबर येतच राहील.

चाळीसगाव_डिझेल :
वा काका! कागदावर लिहून गॅरेजच्या भिंतीला लावतो.

यात एक भर. बाजारात निळ्या द्रवाची टेस्ट नळी मिळते. ती रेडिएटरच्या तोंडावर धरून आतली हवा द्रवातून ओढायची. सिलिंडरचा जळका गॅस असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे रंग बदलतो, पेट्रोलला पिवळा, डिझेलला हिरवट. कॉम्प्रेसरची साधी हवा असेल तर निळा निळाच राहतो. फक्त नळीत पाणी ओढलं जाणार नाही याची काळजी घ्या, नाहीतर परीक्षा वाया. डिझेलला आयडलवर गॅस कमी असतो, म्हणून इंजिन नीट गरम करून, थोडी रेस देऊन पाहा.

जामनेर_जिनिंग :
विषय सोडून नाही, पण आमच्याकडे गाड्या तापण्याचं वेगळंच कारण निघतं. जिनिंगमध्ये रुईच्या गाठी भरायला गाड्या उभ्या असतात, पंखा रुईची बारीक तूस ओढतो. पुढे इंटरकूलर (टर्बोची हवा गार करणारा), मागे रेडिएटर, मधल्या फटीत ती तूस, धूळ आणि ऑइलची वाफ मिळून नमद्यासारखा थर बसतो. समोरून पाहिलं तर जाळी चकाचक! धुणारा समोरून पाण्याचा मारा करतो आणि कचरा आणखी आत ठोकतो. इंटरकूलर सुटा करून, इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुवा. प्रेशरची नळी जवळ धरू नका, फिन्स लवतात.

अंमळनेर_वाहतूकदार :
अगदी. हंगामात आम्ही हे दर सर्व्हिसला करतो. इन्फ्रारेड थर्मामीटर ठेवा, महाग नसतो. भरल्या गाडीला, इंजिन तापलेलं असताना रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या नळीचं तापमान घ्या. दोन्हीकडे जवळपास सारखंच गरम असेल तर हवा कमी पडतेय, म्हणजे फिन्स, पंखा, विस्कस क्लच (पंखा गरजेप्रमाणे फिरवणारा) किंवा पंख्याभोवतीचं कव्हर पाहा. वर खूप गरम आणि खाली बरंच गार असेल तर पाणी कमी फिरतंय, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट, तुंबलेल्या नळ्या. रेडिएटरच्या अंगावर मधेच गार पट्टा सापडला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. हेड उतरवण्याआधी एवढं तरी हवंच.

हायवे_हळद्या :
एवढी परीक्षा कशाला? मूठभर हळद टाका रेडिएटरमध्ये! गळती जागच्या जागी बंद. मुंबई-आग्रा रोडवर निम्म्या गाड्या हळदीवर चालतात. आमचा क्लीनर तर म्हणतो, रेडिएटरला फोडणीच देऊ.

चाळीसगाव_डिझेल :
हळद्या भाऊ, रानात अडकल्यावर गावापर्यंत पोचायला ठीक. पण हळद भोक ओळखत नाही. रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ऑइल कूलरमध्येही तीच बसते. मी हळदीचे रेडिएटर कापून पाहिलेत, नळ्यांच्या तोंडाशी पिवळा गारा घट्ट झालेला. स्टॉप-लीकच्या बाटल्यांचंही तेच. आणि इथे तर बाहेर गळतीच नाही, हळद बसणार कशावर?

यावल_बागायतदार :
आमच्या वडिलांनी आयुष्यभर विहिरीचं पाणी टाकून गाड्या चालवल्या. कूलंट म्हणजे कंपनीवाल्यांचा धंदा आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

एसटी_वर्कशॉपवाले_काका :
वडिलांच्या काळातलं इंजिन आणि आजचं इंजिन यांत फरक आहे दादा. तेव्हा ताकद कमी, उष्णता कमी, रेडिएटर जाड पितळी.

आपल्या भागातलं बोअरचं पाणी किती जड आहे ते तुमच्या ठिबकच्या नळ्यांना विचारा. ड्रिपर ज्या क्षाराने बंद पडतात तोच क्षार इंजिनात सगळ्यात गरम जागी, लाइनर आणि हेडच्या भोवती बसतो. आणि तो उष्णता अडवतो. बाहेर रेडिएटर स्वच्छ, आत इंजिन भाजतंय.

दुसरं जास्त गंभीर आहे. जड डिझेल इंजिनांत बहुतेक वेट लाइनर असतात, म्हणजे लाइनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. दर स्फोटाला पिस्टन लाइनरच्या बाजूवर आपटतो, लाइनर थरथरतो, आणि त्याच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात वाफेचे सूक्ष्म बुडबुडे होऊन फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना लोखंडाचा कण उडवतो. काढलेला लाइनर उजेडात धरा, एका बाजूला उभ्या रांगेत सुईने टोचल्यासारखी भोकं दिसतील. एखादं आरपार गेलं की पाणी सिलिंडरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये. हे थांबवायचं काम कूलंटमधली नायट्राइट, मॉलिब्डेटसारखी रसायनं करतात, लाइनरवर पातळ थर धरून. साध्या पाण्यात ती नसतात. शिवाय कूलंटमुळे उकळबिंदूही थोडा वर जातो. त्यामुळे हा नुसता धंदा नाही.

यावल_बागायतदार :
ठिबकचं उदाहरण पटलं काका. मग कोणतं टाकायचं? हिरवं की गुलाबी?

चाळीसगाव_डिझेल :
रंगावर जाऊ नका, रंगाचं काही पक्कं मानक नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकार पाहा, जड डिझेलला चालतो असं डब्यावर असलं पाहिजे. दोन प्रकार मिसळले की दोघांचीही राखण कमी होते, कधी कधी आत गाळही धरतो. तयार मिश्रण घ्या, नाहीतर कॉन्सन्ट्रेट आणि डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी निम्मे-निम्मे. कमी पडलं की वरून बोअरचं पाणी ओतायचं नाही, नाहीतर कूलंट नावालाच राहतं.

आणि जुनं कूलंट ओढ्यात, रस्त्यात सांडू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-गुरं चाटतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरतात. डब्यात भरून ठेवा.

नवापूर_टँकर :
माझी बीएस-६ आहे, लक्षणं हुबेहूब हीच. कॉम्प्रेसर पाहिला, बुडबुडे "फुस्स" नंतरही थांबत नाहीत. मग हेडच ना?

चाळीसगाव_डिझेल :
थांबा, तुमच्याकडे तिसरा संशयित आहे. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा गॅस परत इंजिनात नेणारी यंत्रणा) असेल तर त्याचा कूलर पाण्याने थंड होतो. त्याची नळी आतून फुटली की एक्झॉस्टचा गॅस पाण्यात आणि पाणी एक्झॉस्टकडे. निळी टेस्टही रंग बदलते, त्यामुळे हेडच वाटतं. ईजीआर कूलर काढून, दोन्ही पाण्याची तोंडं बंद करून, हवेचा दाब देऊन पाण्यात बुडवून पाहा. कूलर गरम असताना गळतो आणि गार झाल्यावर नाही असंही होतं, म्हणून गरम पाण्यात बुडवा. लांबवू नका, कूलंट एक्झॉस्टमध्ये जात राहिलं तर डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) खराब होतो आणि तो खर्च हेडपेक्षा मोठा.

भुसावळकर_७७ :
आणि हेडच निघालं तर आधी प्रेशर टेस्टिंग, नंतर फेसिंग. लाइनरचं प्रोट्रूजन, म्हणजे तो ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते, डायल गेजने मोजून घ्या. एखादा लाइनर खाली बसला असेल तर कितीही नव्या गॅस्केट टाका, त्या उडतच राहणार.

केळीवाला_सावदा :
मंडळी, निकाल सांगतो.

बाटलीत धरलेलं टाकीचं पाणी फिकट हिरवं निघालं. बोटाला बुळबुळीत. तिथेच अर्धं काम झालं. मग काका म्हणाले तशी परीक्षा घेतली. टाकी भरताना रेडिएटरच्या तोंडाशी पाणी सोड्यासारखं उसळत होतं. "फुस्स" झालं आणि पाणी शांत. पोराला ब्रेक दाबायला बसवलं, हवेचा काटा खाली आला, पुन्हा उसळी. गॅरेजवाल्याला बोलावून दाखवलं, तो बराच वेळ बघत राहिला.

कॉम्प्रेसरचं हेड उतरवलं. गॅस्केट पाण्याच्या वाटेपाशी जळून काळी झालेली, आणि हेडच्या तळाला केसासारखा तडा. कॉम्प्रेसरचं नवीन हेड आणि किट टाकलं. इंजिनाला हात लावला नाही. भरल्या गाडीने भेरूघाट चढलो, काटा जागचा हलला नाही. वहीत त्यानंतर पाणी ओतल्याची नोंद नाही.

काका, तुमचे उपकार आहेत. ब्लॉक उगाच खोलला गेला असता. रावेरकडे आलात तर केळीचा घड तुमच्या घरी पोचवतो.

भुसावळकर_७७ :
काका, मानलं.

एसटी_वर्कशॉपवाले_काका :
घडाचं आमंत्रण घेतलं! पण काम अजून संपलेलं नाही भाऊ. कूलंट हवेच्या लाइनमध्ये फिरलंय. सगळ्या टाक्या रिकाम्या करा, एअर ड्रायर (हवेतलं पाणी शोषणारा) असेल तर त्याचं कार्ट्रिज बदला, आणि ब्रेक व्हॉल्वचे रबर एकदा तपासून घ्या. कूलंटने व्हॉल्व चिकटले तर ब्रेक सुटायला उशीर होतो, आणि घाट उतरताना ते परवडणारं नाही. इंजिन ऑइलही बदला. कॉम्प्रेसरमधून खाली थोडं पाणी ऑइलच्या चेंबरमध्ये गेलेलं असू शकतं. रात्रभर उभ्या गाडीचा ड्रेन प्लग सकाळी हळूच ढिला करून पाहा, पाणी असेल तर ते ऑइलच्या आधी येतं.

नवीन कूलंट सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू उघडा ठेवून, त्यातून अखंड धार येईपर्यंत.

केळीवाला_सावदा :
उद्याच करतो. ड्रायरचं कार्ट्रिज जुनंच आहे.

शिरपूर_एक्सप्रेस :
काका, मी थर्मोस्टॅट परत बसवतोय, पण एक विचारू का? एक गाडी बिजासनला फक्त जास्त रेसवर तापते. रेस कमी केली की उतरते.

एसटी_वर्कशॉपवाले_काका :
कॅबिन उचलून कोणाला तरी रेस द्यायला लावा आणि खालच्या हौज पाइपवर नजर ठेवा, हात पंख्यापासून लांब. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर पंपाच्या ओढीने पाइप चपटा होतो आणि पाणी अडतं.

शिरपूर_एक्सप्रेस :
आत्ता पाहून आलो. रेस दिली की चपटा होतो! पाइप धुळ्यातून मागवतो, स्प्रिंगवालाच.